बदल झाला, धन्यवाद

“काकू, जे कधीच बदलायचं नाही ना, त्याच्या नावाआधी कॉन्स्ट लिहायचं. मग त्याला कुणी हात लावू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

सोनालीचं हे वाक्य दानेश्वरीच्या कानात असं काही जाऊन बसलं होतं, की भाकरी थापताना तिला परातीतूनही ते ऐकू यायचं. सोनाली म्हणजे विजापूर रोडवरच्या महिला संगणक वर्गाची शिक्षिका. वयानं दानेश्वरीच्या धाकट्या भाचीएवढी, पण फळ्यासमोर उभी राहिली की पन्नाशीतल्या बायका पदर सावरून, चष्मे पुसून, परीक्षेला आल्यासारख्या बसत.

त्या दिवशी सोनालीनं विचारलं होतं, “सांगा बरं, आपल्या आयुष्यात कधीच न बदलणाऱ्या गोष्टी कोणत्या?”

“सोलापूरचं ऊन!” पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

“माझ्या सासूबाईंचा स्वभाव!” हे मागून.

“नळाला पाणी यायचा दिवस!” असं कुणीतरी म्हणालं आणि वर्ग इतका हसला की शेजारच्या शिवणवर्गातल्या बायका कात्र्या हातात घेऊन दारात आल्या. सोनालीनंही हसून ते उत्तर फळ्याच्या दुसऱ्या बाजूला, सारख्या बदलणाऱ्या गोष्टींच्या खाली, सगळ्यात वर लिहिलं.

दानेश्वरी वहीत मान घालून बसली. मोठ्यानं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण मनात तिनं उत्तर दिलं होतं, नेम! सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. ताप असो, पाहुणे असोत, रेल्वे सुटत असो. लग्न होऊन सासरी आली त्या पहिल्या सकाळी चहाचा कप समोर धरून उभ्या असलेल्या नणंदेला तिनं थांबवून ठेवलं होतं आणि तो चहा निवून साय धरेपर्यंत पूजा केली होती. म्हणजे या मुली ज्याला कॉन्स्ट म्हणतात, ते आपण इतकी वर्षं करतोच आहोत की! या विचारानं तिला आतून असा काही अभिमान वाटला, की घरी येताना ती रिक्षाऐवजी चालत आली.

अभिमान आला की माणूस काहीतरी अंगावर घेतो. दानेश्वरीनं दासोहाची यादी अंगावर घेतली.

त्यांच्या कल्लेश्वर नगरात एक लहानसा मठ आहे. श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी संध्याकाळी तिथं दासोह होतो. येईल त्याला पोटभर जेवण, आणि ते करण्याचा मान एकेका घराचा. कुणाचा सोमवार कुठला, हे मठाच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहिलेलं असतं. फळ्याशेजारी खडू सुतळीनं टांगलेला असतो. ही सुतळी कुणी बांधली माहीत नाही, पण साऱ्या भानगडीचं मूळ तीच. खडू हाताशी असला की माणसाला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटतंच. नारळ फोडायला आलेला माणूससुद्धा जाता जाता दोन नावं इकडची तिकडं करून जायचा.

या सगळ्या दुरुस्त्यांत दरवर्षी एकच नाव पुसलं जायचं, ते केराबाईचं.

केराबाई नगराच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला राहते. सांगोल्याकडून आलेली, धनगराची. दारात शेळ्या, मुलगा जोतिराम टेम्पो चालवतो. मठात ती रोज येते, दासोहात वाढायला, भांडी घासायला सगळ्यांच्या पुढं असते. फक्त तिचा सोमवार आला की काहीतरी निघायचं. एकदा अध्यक्षांचे पाहुणे. एकदा कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. गेल्या वर्षी तर तिनं खपली गहू कांडून, पाखडून ठेवले होते, आणि आदल्या दिवशी फळ्यावर दुसरंच नाव. केराबाई भांडली नाही. दुसऱ्याच्या सोमवारी येऊन ताटं धुऊन गेली. कारण दरवर्षी वेगळं असायचं आणि खरं कारण कुणीच बोलायचं नाही.

यंदा आषाढातच ती दानेश्वरीच्या दारात येऊन उभी राहिली.

“अक्का, औंदा तरी माजा सोमवार ऱ्हाईल का?”

“राहील,” दानेश्वरी म्हणाली.

अगदी हळू म्हणाली. पण म्हणाली. आणि दानेश्वरीच्या तोंडून गेलेला शब्द म्हणजे झालाच की नेम.

तेव्हा बेत असा ठरला, की फळा आणि खडू गेले, आता यादी फोनवर. त्यासाठी ती स्वतः प्रोग्राम लिहिणार, यादीचं नाव ‘पाळ्या’ आणि त्यापुढं ठणठणीत कॉन्स्ट.

“गिरणीत आमचा ड्युटीचा तक्ता असायचा,” तिचे यजमान महेश्वर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. ते गिरणीत टाइमकीपर होते, आता निवृत्त आहेत, पण घरातल्या घड्याळांवर अजून त्यांचीच सही चालते. “वर काच, काचेला कुलूप, किल्ली साहेबाच्या खिशात. तरी रोज बदल व्हायचा.”

“कसा काय?”

“बदलणारा साहेबच असायचा.”

शेजारचे सोमशेखर हे मठ कमिटीचे सचिव. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला, “अक्का, यादी लॅमिनेट करून घ्या. विषय संपला.”

“फोनवरची यादी आहे, भाऊ.”

“मग काय झालं? आमचा झेरॉक्सवाला काहीही लॅमिनेट करतो. परवा त्यानं पिंपळाचं पान केलंय.”

पण मठाचं काम कमिटीच्या ठरावाशिवाय होत नाही. साधी सतरंजी झटकायची तरी सूचक आणि अनुमोदक लागतात. सभा भरली. अध्यक्ष चनमल्लप्पा, आडत दुकानाचे मालक, पांढरेशुभ्र कपडे, मिशीला रोजची निगा. त्यांनी दानेश्वरीकडं कौतुकानं पाहिलं.

“एन् री अक्का, या वयात कॉम्प्युटर! नगराची शान वाढवलीत की हो!”

दानेश्वरीचे कान तापले. कौतुक ऐकायची तिला सवय नव्हती.

“आता मला एवढंच सांगा,” चनमल्लप्पा पुढं म्हणाले, “अध्यक्ष कोण?”

“तुम्ही, अप्पा.”

“मग अध्यक्षाला दुरुस्तीची सोय पाहिजे का नको?”

इथं खरं म्हणजे ‘नको’ म्हणायला पाहिजे होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘नको’ म्हणणं दानेश्वरीला आजवर जमलेलं नव्हतं. भाजीवालीला तिनं कधी नाही म्हटलं नाही, त्यामुळे घरात कायम जास्तीची मेथी असते. तिनं मान हलवली, आणि सोमशेखरांनी लगेच लिहून घेतलं, ‘सदर संगणकीय यादीत मा. अध्यक्ष यांना योग्य वाटेल तेव्हा दुरुस्ती करता यावी, असे सर्वानुमते ठरले.’ शिवाय प्रोग्रामची छापील प्रत ठरावाला जोडावी, असंही ठरलं. ती प्रत तिनं नेऊन दिली तेव्हा सोमशेखरांनी पान उलटंसुलटं करून बघितलं.

“अक्का, प्रत्येक ओळीच्या शेवटी हा अर्धविराम कशाला? वाक्य पूर्ण करा की.”

“तसंच असतं, भाऊ.”

“शुद्धलेखन बघून घ्या एकदा,” असं म्हणत त्यांनी मठाचा गोल शिक्का नेमका कॉन्स्टवरच मारला. तिला तो शुभशकुन वाटला.

दुरुस्तीचं पान तिनं मन लावून केलं. सोमवार निवडायचा, नवीन मजकूर लिहायचा, बटण दाबायचं. बटण दाबल्यावर काय दिसावं, यावर तिनं अख्खी दुपार घालवली. सोनालीच्या नमुन्यात नुसतंच ‘ओके’ होतं. अध्यक्षांना नुसतं ओके कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते? शेवटी तिनं मठातला नमस्कारही जोडून लिहिलं, ‘बदल झाला. धन्यवाद. शरणु शरणार्थी.’

मग तिनं परीक्षा घेतली. पाळ्या या नावाला उचलून दुसरीच यादी जोडायला गेली, तर प्रोग्रामनं लाल अक्षरांत साफ नकार दिला. तिनं महेश्वरांना हाताला धरून आणलं.

“बघा, ऐकत नाही!”

“कुणाचंच?”

“माझंसुद्धा नाही!” हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, की महेश्वरांनी चष्मा काढून एकदा तिच्याकडं नीट पाहिलं.

सोनालीनं ते पान इंटरनेटवर चढवून दिलं, मठाच्या ग्रुपवर त्याची लिंक गेली, आणि कल्लेश्वर नगरातल्या घराघरांत फोनवर दासोहाची यादी उघडली. देवळात, किराणा दुकानात, पाण्याच्या टँकरपाशी सगळे तीच बघत होते. दुसऱ्या सोमवारी, सगळ्यांना दिसेल अशा अक्षरांत, केराबाई. पुढं, खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. दानेश्वरी सकाळची पूजा झाली की पाण्याचा घोट घ्यायची आणि मग एकदा ती यादी बघायची. हे तिच्या नेमात नव्हतं, पण हळूहळू नेमासारखंच झालं.

आणि एका सकाळी दुसऱ्या सोमवारी चनमल्लप्पांचं नाव! केराबाई थेट तळाला, जिथं श्रावण संपून भाद्रपद लागलेला असतो.

दानेश्वरीनं चष्मा पुसला. फोन पुसला. मग धडपडत दप्तर घेऊन वर्गावर गेली.

“सोनाली, तुझा कॉन्स्ट खोटा निघाला गं!”

सोनालीनं प्रोग्राम पाहिला आणि ओठ चावून हसू दाबलं. “काकू, कॉन्स्टनं आपलं काम केलंय. समजा तुम्ही डब्यावर ‘साखर’ लिहिलं आणि डबा खिळ्यानं फळीला ठोकला. आता डबा हलणार नाही, त्याच्या जागी दुसरा डबा येणार नाही. पण झाकण?”

“झाकण...”

“उघडंच आहे. आत हात घालून कुणीही काढतंय, भरतंय. कॉन्स्ट फक्त नाव धरून ठेवतं. नावाच्या आतलं धरून ठेवायचं, तर ते वेगळं गोठवावं लागतं.”

दानेश्वरी खजील झाली. इतकी वर्षं डबे हाताळून ही गोष्ट आपल्या लक्षात येऊ नये! तिनं तिथंच बसून यादी पहिल्यासारखी केली, गोठवायची ओळ लिहिली, आणि ‘गोठवणे’ या शब्दाकडं सोलापूरच्या उकाड्यात बराच वेळ प्रेमानं बघत राहिली.

घरी आली तर केराबाई ओट्यावर बसलेली. हातात जोतिरामचा फोन.

“अक्का, सकाळी माजं नाव कुटं गेल्तं?”

“आलं परत. बघ.”

“आलं की! कुटं गेल्तं म्हनं?”

“झाकण उघडं राहिलं होतं,” दानेश्वरी म्हणाली. केराबाईला काही कळलं नाही, पण अक्का सांगते म्हणजे असेल, म्हणून तिनं मान डोलावली. हा विश्वासच दानेश्वरीला सगळ्यात जड वाटत होता.

यादी थोडे दिवस जागची हलली नाही. मग पुन्हा एका सकाळी पूजा झाली, पाणी झालं, फोन उघडला, तर काय! दुसरा सोमवार जागेवर होता, घरं जागेवर होती, कुणाचीही पाळी इकडची तिकडं झालेली नव्हती. फक्त जिथं ‘केराबाई’ लिहिलेलं असायचं, तिथं आता ‘चनमल्लप्पा’ लिहिलेलं होतं, आणि हुग्गीच्या जागी ‘जिलेबी’!

भाजीच्या गाड्यावर अध्यक्षीणबाई बसम्मा भेटल्या. दोडका निवडता निवडता, दोडक्यालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, “तुमचं ते न बदलणारं पुन्हा बदललं म्हणे, अक्का!”

गाड्याभोवतीच्या बायका हसल्या. दानेश्वरीनं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, घरी आधीच्या होत्याच, आणि सरळ वर्गावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चपला दाराबाहेर सरळ लावल्या नाहीत.

“मिसळणाचा डबा आठवा, काकू,” सोनाली आता शिक्षिकेपेक्षा डॉक्टरासारखी दिसत होती. “तुम्ही मोठं झाकण लावलंत. त्यामुळे आतल्या वाट्या कुणी उचलू शकत नाही, त्यांची जागा बदलू शकत नाही. पण प्रत्येक वाटीचं तोंड उघडंच आहे ना? अध्यक्षांनी वाटी हलवली नाही. वाटीतली हळद ओतली आणि तिखट भरलं.”

“अगं, पण इतकं सुचतं कसं त्यांना?”

“त्यांना काही सुचत नाही हो. ते फक्त चौकटीत लिहितात आणि बटण दाबतात. वाट आपणच उघडी ठेवलीय.”

दानेश्वरी त्या दिवशी वर्ग सुटल्यावरही उठली नाही. आधी केराबाईचं नाव आणि हुग्गी परत जागेवर आणली. एकेक वाटी घ्यायची, तिच्या आत आणखी काही आहे का बघायचं, असेल तर आधी ते गोठवायचं, मग वाटी, मग डबा. सोनालीनं वाट दाखवली, पण ओळी हिनंच लिहिल्या. एका ठिकाणी कंस राहिला, सगळं पान पांढरं पडलं. कंस सापडला, तर नावच चुकलं. शेवटी सगळं जमलं, तेव्हा तिनं केराबाईच्या पाळीत, नावात, हुग्गीत, जिथं जिथं बोट घालता येईल तिथं घालून बघितलं. अक्षर हललं नाही. हुग्गी हुग्गीच राहिली.

परत येताना वाटेत कडबा घेऊन निघालेला ट्रॅक्टर आडवा आला, तर हिनं त्यालाच नमस्कार केला. इतकी ती खूश होती.

पुढं सगळं शांत झालं. अध्यक्षांची तक्रार नाही, बसम्मांचा टोमणा नाही. उलट बसम्मा समोरून हसून गेल्या. माणसं थकली, निवली, असं दानेश्वरी धरून चालली. चांगलं बोलणाऱ्या माणसाबद्दल वाईट विचार करायचा नाही, हाही तिचा एक नेम होता, आणि हा नेम तिला अधूनमधून महागात पडायचा.

दुसरा सोमवार उजाडला. दानेश्वरीचा उपास. संध्याकाळी मठाच्या अंगणात सतरंज्या पसरल्या, दिवे लागले. जोतिरामचा टेम्पो फाटकातून आत आला. मागच्या हौद्यात उभी केराबाई, हिरवंगार नवं लुगडं, कपाळभर भंडारा, आणि हाताखाली झाकलेलं मोठं पातेलं. पातेल्याच्या झाकणाखालून गूळ आणि वेलदोड्याचा वास असा सुटला होता, की उपासाच्या माणसाला आवंढा गिळावा लागला.

तेवढ्यात दुसऱ्या फाटकातून अध्यक्षांची गाडी आली. मागं केटररची गाडी. तिच्यात जिलेब्यांच्या पराती. त्यामागं दुधनीहून आलेले बसम्मांचे माहेरचे पाहुणे, फेटे बांधून.

दोन्ही गाड्या स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर थांबल्या. ना ही मागं सरकेना, ना ती.

“हे काय?” चनमल्लप्पा उतरले. “आज पाळी आमची.”

“न्हाय अप्पा, माजी,” केराबाई टेम्पोतूनच म्हणाली. पातेल्यावरचा हात तिनं काढला नाही.

“अगं बाई, फोनवर बघ ना!”

“बगूनच आलोय की.”

अंगणभर फोन निघाले. सोमशेखरांनी आपला काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि सभेत इतिवृत्त वाचावं तसं वाचलं, “दुसरा सोमवार. केराबाई. खपली गव्हाची हुग्गी.”

“माझ्या फोनवर आहे ना पुरावा!” चनमल्लप्पांनी फोन उंच धरला. त्यावर एक फोटो होता, ‘बदल झाला. धन्यवाद. शरणु शरणार्थी.’ “हा बघा! आमच्या हिनं माहेरीसुद्धा पाठवला होता. म्हणून तर पाहुणे आलेत!”

दानेश्वरीनं पुढं होऊन तो फोटो वाचला. यादी तिनं गोठवली होती. आतल्या वाट्या गोठवल्या होत्या. पण आभाराची ओळ? ती तशीच होती. अध्यक्षांनी बटण दाबलं, आत काही हललं नाही, प्रोग्रामही काही बोलला नाही आणि वर हसून धन्यवाद मात्र म्हणाला. अगदी तिच्यासारखा.

“चूक झाली असेल मशीनची. आत्ता करतो,” म्हणत चनमल्लप्पांनी सगळ्यांच्या देखत दुरुस्तीचं पान उघडलं. नाव लिहिलं. बटण दाबलं.

‘बदल झाला. धन्यवाद. शरणु शरणार्थी.’

“झालं!” ते म्हणाले.

“केराबाई,” सोमशेखरांनी यादी वाचली.

अध्यक्षांनी पुन्हा लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरांत. बटण जोरात दाबलं. बदल झाला, धन्यवाद. सोमशेखर म्हणाले, केराबाई. अध्यक्षांनी अंगठा बदलून बघितला. धन्यवाद. पाहुण्यांपैकी एकानं त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः दाबून बघितलं. शरणु शरणार्थी. सतरंजीवरच्या मागच्या रांगेतून खुसखुस सुरू झाली, मग ती पुढं पुढं येत अंगणभर पसरली.

शेवटी बसम्माच कडाडल्या, “अहो, किती वेळा धन्यवाद घेणार आहात?”

चनमल्लप्पा लालबुंद झाले. “अक्का! कुठं आहेत अक्का? हे तुमचं काम. आत्ताच्या आत्ता बदला. दुधनीची माणसं उभी आहेत!”

सगळं अंगण दानेश्वरीकडं वळलं. केराबाईही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गेल्या वर्षी फळ्यासमोर उभी होती, तशीच उभी होती, आणि हात अजून पातेल्यावर होता. दानेश्वरीला त्या हाताखेरीज काही दिसेना.

“अप्पा,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे ऐकायला सगळे गप्प झाले. “तुम्हाला त्रास झाला, ती चूक माझी. तिथं ‘नाही’ लिहायला हवं होतं. मी धन्यवाद लिहिलं.”

“मग आता बदला.”

“नाही.”

महेश्वर नंतर सांगत, की आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द हिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही मला नाही, अध्यक्षांना!

“नाही म्हणजे?”

“यादी बदलणार नाही. आज केराबाईंचा दासोह आहे. मी शब्द दिलाय.” मग तिला वाटलं, हे जरा जास्तच कडक झालं, म्हणून तिनं हात जोडून पुढं म्हटलं, “शरणु शरणार्थी.”

मग केराबाई टेम्पोतून खाली उतरली.

“अप्पा, पावनं लांबनं आल्यात, त्यांस्नी उपाशी कोन ठिवतंय? तुमची जिलेबी बी वाडू की. काय बिगाडलं?” पदर खोचत ती म्हणाली. “पर आदी माजी हुग्गी.”

आणि आधी हुग्गीच वाढली गेली. केराबाईनं स्वतः वाढली. पहिलं ताट दुधनीच्या पाहुण्यांना, दुसरं अध्यक्षांना. तूप सोडताना तिचा हात आखडला नाही. चनमल्लप्पांनी पहिला घास मान खाली घालून घेतला, दुसरा मान वर करून, आणि मग पुढं होऊन स्वतःच पुन्हा मागितली. दानेश्वरीनं उपास सोडला, तो त्या हुग्गीच्या पहिल्या घासानं. खपली गहू दाताखाली टचकन फुटत होता. तिला वाटलं, आपण लिहिलेल्या ओळीला इतकी चव असते!

“मॅडमच झाल्या की अक्का,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. पण ऐकलं होतं, आणि पाठ आपोआप ताठ झाली होती.

जेवणं उरकल्यावर हात धुऊन आलेले चनमल्लप्पा फोन बघत उभे होते. पराभव पचला होता, जिलेबीही. पण मिशी अजून फुरफुरत होती.

“अक्का, एक विचारू? यादीतलं काहीच बदलत नाही ना?”

“नाही, अप्पा.”

“अध्यक्षाला नाही, सचिवाला नाही, कुणालाच नाही?”

“नाही.”

“मग पुढच्या सोमवारी तुमच्या नावापुढं जे लिहिलंय, तेही नाही?” आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, “दानेश्वरी. पुरणपोळी, येतील त्या सगळ्यांना, कटाच्या आमटीसह, एकटीने.”

दानेश्वरीनं चष्मा सावरून आपल्या फोनवर बघितलं. ज्या दिवशी वर्गात बसून वाट्या गोठवल्या, त्या दिवशी चौकटीत लांब मजकूर मावतो का हे बघायला तिनं स्वतःच्या नावापुढं सुचेल ते लिहिलं होतं. मावला म्हणून खूश झाली होती. आणि त्याच खुशीत सगळं गोठवून मोकळी झाली होती. नंतर रोज यादी उघडली, ती फक्त केराबाईची ओळ बघायला.

“एकटीने!” सोमशेखरांनी पुन्हा वाचून खात्री केली.

“अक्का, या वयात एवढं पुरण वाटायचं?” बसम्मांचा स्वर आता अगदी गोड होता.

महेश्वर तिच्या कानाशी वाकले. “अगं, प्रोग्राम तुझा. मूळ ओळ तुझ्या हातात आहे. घरी जाऊन ‘शिरा’ लिही. कुणाला कळणार?”

ते खरं होतं. बाकी कुणाला जमलं नसतं, पण तिला जमलं असतं. लॅपटॉप उघडायचा, एक ओळ पुसायची, एक लिहायची.

दानेश्वरीनं समोर बघितलं. केराबाई रिकामं पातेलं टेम्पोत चढवत होती. तळाला हुग्गीचा कणही राहिला नव्हता.

“करीन, अप्पा,” दानेश्वरी म्हणाली. “पुढच्या सोमवारी पुरणपोळी.”

केराबाई लगबगीनं जवळ आली. “मी येतो की मदतीला. रातच्याला पुरन वाटून ठिवू.”

“यादीत काय लिहिलंय?”

केराबाईनं फोन घेतला, अक्षर अक्षर लावत वाचलं आणि कपाळाला हात लावला. “एकटीनं लिवलंय वं अक्का! आसं कुनी लिवतंय व्हय?”

दोघी हसल्या. मग केराबाईचं हसू ओसरलं, आणि ती वाकून दानेश्वरीच्या पायांना हात लावायला गेली. दानेश्वरीनं तिला मध्येच धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. पाण्याचा घोट झाला. महेश्वरांनी लॅपटॉप टेबलावर काढून, वायर लावून, झाकण उघडून ठेवला होता आणि स्वतः पेपर वाचण्याचं सोंग करत बसले होते. दानेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. मग झाकण हळूच मिटलं, दाराआडच्या खिळ्यावरची सगळ्यात मोठी पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या, आणि हरभऱ्याची डाळ आणायला निघाली.